आधी खरं सांगा, मग घर मागा

घर मिळत नाही म्हणून माझ्यापुढे रडू नकोस. आधी मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. घर बघायला गेलास तेव्हा तुझ्याकडे कुत्रा आहे हे एजंटला सांगितलंस का? मालकाला सांगितलंस का? करारात लिहून घेतलंस का? तिन्ही ठिकाणी तू गप्प बसलास. एजंट म्हणाला, 'मालकाच्या कानावर आत्ता घालू नका, एकदा राहायला गेलात की कोण विचारतंय,' आणि तू मान डोलावलीस. फ्रिज, पलंग, वॉशिंग मशीन भरदिवसा टेम्पोतून उतरलं आणि ते पिल्लू मात्र रात्री उशिरा, गेटवर सामसूम झाल्यावर, चादरीत गुंडाळून जिन्याने वर नेलंत. पिल्लू होतं तोवर निभावलं. लॅब्राडोर चार-सहा महिन्यांत केवढा होतो हे तुला आणण्याआधी ठाऊक असायला हवं होतं. शेजारच्या काकूंनी सेक्रेटरीकडे तक्रार केली, सेक्रेटरीने मालकाला फोन लावला, मालकाने महिन्याची नोटीस दिली. आणि आता तू मला सांगतोस, 'बाई, या शहरात माणुसकी उरलेली नाही.'

ज्याने खोटं बोलून दार उघडून घेतलं त्याने दुसऱ्याच्या माणुसकीचा हिशेब मागू नये. हे मी तुला स्पष्ट सांगते, कारण तू माझा विद्यार्थी आहेस आणि तुला वाईट वाटलं तरी चालेल. हे तुझ्या एकट्यासाठीही लिहीत नाही. घोडबंदर रोडला वाघबीळपासून ओवळ्यापर्यंत, पलीकडे डोंबिवली-कल्याणकडे, पुण्यात वाकड आणि पिंपळे सौदागरला तुझ्यासारखी कितीतरी जोडपी भाड्याने राहतात. दोघं नोकरीवर, गाव लांब, घरात सोबत हवी म्हणून कुत्रा किंवा मांजर आणतात. त्यांनी सोबत मागितली यात काहीच चूक नाही. मी चिडले आहे ती पुढच्या लपवाछपवीवर.

कुत्रा आहे म्हटलं की बहुतेक मालक फोन ठेवून देतात, हे मला माहीत आहे. एजंट 'सर, पेट असेल तर अवघड आहे' म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. भाडं देण्याची ऐपत, नोकरीचं पत्र, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं असूनही घर मिळत नाही. हा त्रास खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण मालक असे का झाले, याचा विचार केलास का? सुक्याबरोबर ओलंही जळतं. तुझ्याआधी त्याच घरात कोणीतरी असाच कुत्रा लपवून राहून गेला आणि जाताना जे मागे ठेवून गेला ते मालकाने पाहिलं. आज तू तेच केलंस. तुझ्यानंतर त्या घराची पायरी चढणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक माणसाला आता 'नाही' ऐकावं लागणार आहे, आणि तो 'नाही' तू कमावून ठेवला आहेस.

मागे काय राहतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कासारवडवलीला माझा वन बीएचके आहे, तो मी भाड्याने देते. एका भाडेकरूने न सांगता कुत्रा ठेवला होता. घर रिकामं झाल्यावर मी किल्ली लावून आत गेले. बेडरूमच्या दाराचा खालचा अर्धा भाग आतल्या बाजूने नखांनी खरवडून काढलेला होता. सनमाइका उचकटून खालचं लाकूड पांढरं पडलं होतं. ते ओरखडे एकाच उंचीवर होते, मागच्या दोन पायांवर उभं राहिलेल्या कुत्र्याच्या पंजाच्या उंचीवर, आणि कडीच्या बाजूला सगळ्यात दाट होते. बाथरूमची लाकडी चौकट मुताने फुगली होती, ती बदलावी लागली. गॅलरीच्या कोपऱ्यात लोखंडी कठड्याला साखळी बांधल्याची घासलेली खूण होती. दार नवीन बसवता येतं, चौकट बदलता येते, ते पैसे डिपॉझिटमधून वळते झाले. पण त्या कडीजवळच्या ओरखड्यांकडे बघून मला कळलं की एक जीव दिवसच्या दिवस आत कोंडलेला होता आणि बाहेर यायला धडपडत होता. तो कोंडलेला होता, कारण त्याला कोणी बघू नये अशी व्यवस्था केलेली होती.

तुझ्या घरातही आज हेच चाललं आहे. नीट ऐक. कुत्रा लपवायचा म्हणजे त्याला दिवसा खाली न्यायचं नाही, पहाटे पाचला आणि रात्री अकराला चोरासारखं न्यायचं. खिडकीत बसू द्यायचं नाही, कोणाला दिसेल. भुंकला की तोंड दाबायचं, शेजारी ऐकतील. महापालिकेचा परवाना काढायचा नाही, कारण त्यावर पत्ता येतो. तुम्ही दोघं सकाळी आठला निघता, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून बीकेसीला जाता आणि रात्री नऊला परत येता. तोवर तो गॅलरीत. त्या काकूंचं पत्र तू मला दाखवलंस, ते मी तुझ्यापेक्षा नीट वाचलं. कुत्रा पाळला अशी त्यांची तक्रारच नाही. 'दुपारभर रडतो' अशी तक्रार आहे. अनोळखी बाईला त्याचं रडणं ऐकवलं नाही आणि तू तिला माणुसकी नसलेली म्हणतोस.

१९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. मारहाण आणि उपासमार एवढ्यापुरताच तो आहे असं लोक समजतात. त्याचं कलम ११ उघडून वाच. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवलं-फिरवलं नाही, तर तो त्याच्या मालकाचा गुन्हा म्हणून तिथे लिहून ठेवला आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं, हाही. म्हणजे तुझ्या घरमालकाच्या आधी कायद्याने तुला जाब विचारायला हवा.

आणि तुझं ते दुसरं बोलणं. 'कोणी घेईल का, चांगल्या घरी द्यायचा आहे,' असं विचारत तू माझ्यापर्यंत आलास. एरवी तुम्ही दोघं स्वतःला त्याचे आई-बाबा म्हणवता, त्याचा वाढदिवस करता. घराचा प्रश्न आला तेव्हा पहिला विचार आला तो त्यालाच बाहेर काढण्याचा. घरात आजारपण आलं, कोणी गेलं, माणूस खरोखरच अडला, तर विश्वासू हातात प्राणी देणं मी समजू शकते. तुझ्यावर तसं काही ओढवलेलं नाही. तुला फक्त दुसरं घर शोधायचं आहे आणि त्याचा कंटाळा आला आहे. असाच कंटाळा आलेली माणसं पुढे काय करतात तेही ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. येऊरच्या रस्त्याला गाडी थांबवतात, दार उघडतात आणि निघून येतात. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावरची टोळी जगू देत नाही, आणि येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं अंग आहे. तिथला बिबट्या कुत्रेही खातो. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणं हादेखील त्याच कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. कायदा १९६० चा आणि रक्कमही तेव्हाचीच राहिली. दंड किरकोळ राहिला म्हणून गुन्हा किरकोळ होत नाही. तू असं करशील असं मी म्हणत नाही. पण ज्या वाटेवर तू पाऊल टाकलं आहेस ती तिथेच जाते.

एक गणित मांडते, जे तू कुत्रा आणायच्या आधी मांडायला हवं होतं. लॅब्राडोर साधारण दहा ते बारा वर्षं जगतो. तुझा करार ११ महिन्यांचा. म्हणजे या एका जिवाच्या आयुष्यात तुला अकरा ते तेरा वेळा करार करावा लागणार, निदान तितक्या वेळा कोणापुढे तरी जाऊन 'आमच्याकडे कुत्रा आहे' हे वाक्य म्हणावं लागणार. पहिल्याच वेळी ज्याची जीभ अडखळली त्याने पुढची अकरा वर्षं काय करायचं ठरवलं होतं?

हे ११ महिन्यांचं प्रकरणही समजून घे, कारण सगळे डोळे मिटून तेच करतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून ती टाळायला लोकांनी ११ महिन्यांची वाट काढली. महाराष्ट्रात आता ती पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ काय म्हणतं? लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग नोंदणी करायचीच आहे तर मालकाशी बोलून ३६ महिन्यांचा करार का मागत नाहीस? प्राणी घरात असलेल्या माणसाने वर्षा-वर्षाला बिऱ्हाड हलवू नये. कुत्र्याला घर अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि मांजराला तर त्याहून जास्त.

करार आता घरी बसून होतो. माणूस मशीन घेऊन येतो, फोटो काढतो, अंगठा घेतो आणि दहा मिनिटांत जातो. तेवढ्या वेळात कोणी मसुदा वाचत नाही. तूही वाचला नाहीस. तुझ्या करारात, पानाच्या तळाशी, 'परवानाधारकाने जागेत पाळीव प्राणी ठेवू नये' असं वाक्य होतं, आणि त्याच्या खाली तुझा अंगठा आहे. सोसायटी काय म्हणते हा वेगळा विषय आहे, त्याकडे मी येतेच. पण घर मालकाचं आहे. ते कोणाला द्यायचं आणि कोणत्या अटीवर, हे त्याने ठरवायचं. अट तुला मान्य नव्हती तर अंगठा लावण्याआधी बोलायचं होतं. नंतर वाद घालणं म्हणजे वरातीमागून घोडं.

माझ्याच घराचं पुढे काय झालं तेही ऐक. दार-चौकट बदलून झाल्यावर पुन्हा एक जोडपं आलं, आणि तेही कुत्र्यासकट. एजंट बोलायच्या आधी त्या मुलीने मला सांगितलं, 'काकू, आमच्याकडे एक देशी कुत्री आहे, चार वर्षांची. तुम्हाला चालणार नसेल तर आम्ही घर बघतच नाही, तुमचा वेळ जायला नको.' तिच्या हातात फाइल होती. रेबीजच्या आणि इतर लशींचं पुस्तक, प्रत्येक पानावर डॉक्टरांचा शिक्का, निर्बीजीकरणाचा दाखला, महापालिकेचा परवाना आणि आधीच्या घरमालकाचं पत्र. मी विचारलं, दिवसा कुत्री एकटी असते का? ती म्हणाली, माझी ड्युटी घरून आहे, ऑफिसला जायचं त्या दिवशी दुपारी एक मुलगा येऊन तिला फिरवून आणतो. मी म्हटलं, कुत्रीला घेऊन या. ती आली, दारात थांबली, चपला हुंगल्या आणि मुलीच्या पायाशी बसली. मी घर दिलं. करारात कुत्रीची जात, वय आणि रंग लिहिला. एकच प्राणी, दुसरा आणायचा तर आधी विचारायचं, असं लिहिलं. जाताना साफसफाई, रंग आणि लाकडाचं नुकसान भाडेकरूने भरून द्यायचं, हेही लिहिलं. त्यांनी आपण होऊन दारांच्या खालच्या भागावर पारदर्शक जाड प्लास्टिकचा पत्रा लावून घेतला. आज ती तिघं तिथेच राहतात.

या सगळ्यात कोणाचा वशिला नव्हता. खरं आधी सांगितलं, कागद पुढे ठेवले, मालकाच्या मनातली भीती त्याने बोलून दाखवायच्या आत तिला उत्तर दिलं. तुलाही हे जमण्यासारखं होतं. पण 'नाही' ऐकून घ्यायची तुझी तयारी नव्हती. दहा ठिकाणी नकार मिळेल, मिळू दे. अकराव्या ठिकाणी जे घर मिळेल त्याच्या लिफ्टमधून तू मान वर करून कुत्र्याला खाली नेशील.

एजंटाबद्दल एवढंच सांगते. त्याला एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून मिळतं आणि ते करार झाला की मिळतं. नोटीस येते तेव्हा तो फोन उचलत नाही. 'मालकाला सांगू नका' असं म्हणणाऱ्या एजंटाकडून घर घेऊ नये.

आता सोसायट्यांच्या कमिट्यांनो, तुम्ही हे वाचत असाल तर तुमचेही कान मला उपटायचे आहेत. भाडेकरू खोटं का बोलतात, याचं अर्धं उत्तर तुमच्या नोटीस बोर्डावर लावलेलं आहे. 'पाळीव प्राणी असलेल्या भाडेकरूंना एनओसी मिळणार नाही.' 'लिफ्टमधून कुत्रा नेल्यास दंड.' 'मोठ्या जातीचे कुत्रे ठेवण्यास मनाई.' हे ठराव करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ ही १९६० च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. तिने २०१५ च्या फेब्रुवारीत रहिवासी संघटनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्वच्छ लिहिलं आहे की पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेने बहुमताने ठरवलं तरीही नाही. लहान कुत्रा चालेल, मोठा चालणार नाही, असा भेद करता येत नाही. लिफ्ट वापरू न देणं किंवा त्यासाठी जादा पैसे घेणं बसत नाही. भुंकतो एवढ्या कारणावरून कुत्रा काढायला लावता येत नाही. केरळात तर प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की रहिवाशांना प्राणी पाळायला मनाई करणारे असे नियम बेकायदा आहेत, त्यांची अंमलबजावणी करता येणार नाही. संविधानाच्या ५१क या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आहेत, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेली. सजीवांबद्दल करुणा बाळगणं हे त्यातलंच एक. मी ती वर्गात पाठ करून घेत असे. तुमच्यापैकी कित्येकांनी परीक्षेत त्यावर गुण मिळवले असतील. चेअरमन झाल्यावर ती विसरायची नसतात.

तुमची काळजी मला कळते. लिफ्टमध्ये लहान मूल असतं, काठी टेकत चालणारे आजोबा असतात, एखाद्याला कुत्र्याची खरोखरच धडकी भरते. रेबीज झाल्यावर त्यावर इलाज नाही, लक्षणं दिसू लागली की माणूस हाताचा जातो, त्यामुळे भीती निराधार नाही. पण या भीतीला उत्तर आहे आणि ते बंदीत नाही. प्रत्येक पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची नोंद सोसायटीच्या दप्तरी ठेवा आणि दर वर्षी ती ताजी करून मागा. कुत्रा सामाईक जागेत पट्ट्याशिवाय दिसला तर त्या घरमालकाला पत्र पाठवा. बागेत कोणत्या वेळी कुत्रे येतील आणि कोणत्या वेळी नाहीत, ते बसून ठरवा. ज्याला भीती वाटते त्याने लिफ्ट थांबवून ठेवली तर कुत्रेवाल्याने पुढच्या लिफ्टने यायचं, हे शिकवा. एवढं केलंत तर तुमच्याकडे कोणी चादरीत गुंडाळून कुत्रा आणणार नाही. बंदी घालून तुम्ही कुत्रे थांबवलेले नाहीत. लस न टोचलेले, परवाना नसलेले, कोणाच्या नजरेला न पडणारे कुत्रे मात्र तुमच्या इमारतीत वाढवलेत. मुलांना धोका त्यांचाच आहे.

आणि कमिटीने चूक केली म्हणून तुझी चूक धुऊन निघत नाही. एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये. सोसायटीचा ठराव बेकायदा असेल तर त्याची प्रत मागायची, जीवजंतू कल्याण मंडळाचं परिपत्रक जोडून लेखी उत्तर द्यायचं, त्याची पोच घ्यायची. हे सगळं मान वर करून करायचं काम आहे. लपणाऱ्याला ते करता येत नाही, कारण पत्राखाली त्याला स्वतःचं नाव घालता येत नाही.

ज्यांनी अजून प्राणी आणलेला नाही त्यांनाही दोन शब्द. आधी घर, मग कुत्रा. मालकाची लेखी संमती हातात पडेपर्यंत पिल्लू बघायलासुद्धा जाऊ नका, कारण एकदा हातात घेतलं की तुमचा विचार संपतो. दोघंही दहा-बारा तास बाहेर असाल तर कुत्रा आणूच नका. घरी कोणी थांबणारं असेल तेव्हा आणा. ठाण्याच्या दमट उन्हाळ्यात हस्की आणू नका, तो बर्फातला जीव आहे. रस्त्यावरचं देशी पिल्लू आपल्या हवेत उत्तम राहतं, त्याला अंगभर केसांचा त्रास नाही आणि दिवसरात्र एसीही लागत नाही. मांजर ठेवणार असाल तर राहायला जाण्यापूर्वी सगळ्या खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसवा, आणि ती बसवायची परवानगी करारात घ्या. वरच्या मजल्यावरून मांजरं पडतात, आणि पडून मरतात. खाली फिरवताना कुत्र्याने शी केली तर ती उचला, खिशात पिशवी ठेवा. ही साधी गोष्ट न केल्यामुळे जितकी माणसं कुत्र्यांच्या विरोधात गेली आहेत तितकी चावण्यामुळे गेलेली नाहीत, असं माझं मत आहे.

घरमालकांनाही मी सोडणार नाही. तुमचा अनुभव वाईट असेल, माझाही होता. म्हणून सरसकट दार लावून घेऊ नका. सरसकट 'नाही' म्हणणाऱ्या मालकाला खरं बोलणारे भाडेकरू मिळतच नाहीत, कारण ते पहिल्याच वाक्याला परत जातात. शेवटी त्याच्या वाट्याला येतो तो लपवणारा. कुत्र्याला प्रत्यक्ष भेटा, कागद बघा, अटी लिहून घ्या, नुकसानीचं काय ते डिपॉझिटशी जोडा, मग ठरवा.

आता तुझं काम सांगते. नोटिशीचा महिना सुरू आहे, तो मालकाला शिव्या घालण्यात घालवू नकोस. उद्या त्याला भेट आणि फोनवर नाही, समोर बसून सांग की मी लपवलं, ती चूक माझी. नुकसान झालं असेल तर ते भरून दे. घर ठेवायला सांगू नकोस, तो हक्क तू गमावला आहेस. जमलं तर एक चिठ्ठी माग की भाडं वेळेवर दिलं, बाकी त्याने लिहायचं ते लिहू दे. परवा कुत्र्याला डॉक्टरांकडे ने, लशी पूर्ण कर, परवान्याचा अर्ज भर. ऑफिसात दोघांनी बोलून आठवड्यातले वेगवेगळे दिवस घरून काम मागा, नाहीतर दुपारी येणारा माणूस ठेवा आणि त्याचा पगार भाड्याइतकाच अटळ समजा. आजपासून त्याला दिवसाउजेडी, लिफ्टने, सगळ्यांसमोर खाली घेऊन जा. त्या शेजारच्या काकूंच्या दारावर टकटक करा आणि माफी मागा. मग घर शोधायला निघा आणि पहिल्या वाक्यात सांगा. भाडं दोन हजार जास्त पडेल, द्या. स्टेशनपासून लांब जावं लागेल, जा. जुन्या इमारतीत, लिफ्ट नसलेल्या पहिल्या मजल्यावर राहावं लागेल, राहा. पण तिघं एकत्र राहा. त्याला कोणाला तरी देऊन टाकायची गोष्ट पुन्हा माझ्यापुढे काढायची नाही.